"मावशी, मी एकही महिना चुकवला नाही गं!"

आज संध्याकाळी तलावपाळीच्या कट्ट्यावर भाची हे बोलली आणि तेव्हापासून ते वाक्य डोक्यातून जात नाहीये.

तिने मोबाइलवर क्रेडिट कार्डाचं बिल दाखवलं. एकूण रक्कम ४२,००० रुपये. खाली 'किमान देय' २,१००. गेले आठ महिने ती तेवढेच भरतेय, अगदी तारखेच्या आत. नवीन खरेदीही केलेली नाही. तरी आकडा हलेना, म्हणून रडवेली झाली होती.

तिथेच भेळेच्या कागदावर हिशोब मांडला. व्याज महिना साडेतीन टक्के, म्हणजे १,४७० रुपये. त्या व्याजावर १८ टक्के जीएसटी, साधारण २६५. मग २,१०० मधून मुद्दल फिटलं किती? ३६५ रुपये.

तिने तो कागद घडी करून पर्समध्ये ठेवला. काही बोलली नाही.

पोरगी उधळी नाही हो. दिवाळीत घरासाठी फ्रिज घेतला, एवढंच. किमान रक्कम भरली की लेट फी लागत नाही, पण व्याज चालूच राहतं. वर जुनी बाकी असताना नवीन खरेदीवर पहिल्या दिवसापासून व्याज लागतं, हे तिला कार्ड देताना कुणी नीट सांगितलं होतं का?

तिची ५०,००० ची आरडी आहे, म्हणजे दरमहा ठरावीक रक्कम टाकायची बँकेतली ठेव. वर्षाला सात टक्क्यांवर. ती मोडून कार्डाची बाकी फेड म्हटलं, तर "मोडली तर आई रागावेल," म्हणाली.

ताईशी उद्या मीच बोलते. तुमच्या घरातल्या नोकरीला लागलेल्या मुलांचं बिल कधी शेजारी बसून पाहिलंय?