मुठीतला गूळ

माउलींची पालखी तरडगावहून निघाली की फलटणपर्यंत वीसेक किलोमीटरची चाल असते. काळज, सुरवडी, निंभोरे करत दिवसभर नुसती माणसं वाहत असतात. त्या वाटेवरच्या एका तात्पुरत्या उपचार केंद्रावर यंदा माझी ड्यूटी होती. स्टाफ नर्स म्हणून एकोणीस वर्षं झाली आणि पालखीची ही माझी सातवी ड्यूटी. घरी येऊन तीन आठवडे झाले, तरी त्या दिवशीची एक मावशी डोक्यातून जात नाही.

बाहेरच्यांना वाटतं, वारीत आम्ही ताप आणि जुलाब बघत असतो. तेही असतं, पण मान वर होत नाही ती पायांमुळे. टाचेचे फोड, चपलेच्या पट्ट्यानं सोललेली बेचकी, भेगांत रुतलेली खडी. त्यात साखरेचा आजार असलेला माणूस आला की मी पाय उलटा करून तळवा बघितल्याशिवाय सोडत नाही. त्याच्या चपलेत खडा गेलेला त्याला कळत नाही. एका आजोबांच्या तळव्यात बाभळीचा काटा अर्धा बोट आत होता आणि ते लोणंदपासून त्यावर चालत होते.

त्या दिवशी पहाटे सर येऊन गेली होती आणि मग दमट ऊन पडलं होतं. साडेअकराच्या सुमाराला चार बायका एका मावशीला दोन्ही काखेत धरून घेऊन आल्या. वय साठीचं, डोक्यावरची तुळस कुणीतरी काढून हातात घेतलेली. "उन्हानं घेरी आली बगा बाईला." घाम तर मंडपात सगळ्यांनाच होता, पण हिच्या कपाळाला हात लावला तर घाम गार. पदराचं टोक दोन बोटांत धरून ती घडी घालत होती, उलगडत होती, परत घालत होती. नाव विचारलं तर म्हणाली, "माउली." एरवी मी याच उत्तरावर सावध झाले असते, पण वारीत कुणालाही नाव विचारलं की तो माउलीच म्हणतो.

सोबतच्या बाईनं सांगितलं, "साखर हाय तिला, इंजेक्शन घेती." मी ग्लुकोमीटर काढला, उजव्या हाताचं बोट स्पिरिटच्या बोळ्यानं पुसलं, सुई टोचली. बोटांवर तपकिरी ओल होती, ती मला रस्त्याचा चिखल वाटली. पाच सेकंदांनी आकडा आला, २६८.

मी मोठ्यानं म्हणाले, "साखर वाढलीय, पाणी पाजा, बसवून ठेवा." आणि पुढच्या माणसाकडे वळले.

आमच्याबरोबरची आशाताई गावातलीच. रजिस्टर नीट लिहीत नाही म्हणून बैठकीत तिला दरवेळी बोलणी बसतात. पण ती पेशंटजवळ बसते. आम्ही सगळे उभे असतो, ती बसते. मावशीच्या हातात पाण्याचा पेला द्यायला ती मूठ उघडायला गेली तर मूठ उघडेना. बोटं एकेक करून सोडवली आणि मला हाक मारली, "सिस्टर, हिच्या मुठीत गूळ हाय की."

कुणीतरी शहाण्या बाईनं वाटेत घेरी आली म्हणून तिच्या हातात गुळाचा खडा दिला होता. तोंडापर्यंत न्यायचं भान मावशीला उरलं नव्हतं. घामानं तो मुठीतच वितळला होता आणि मी मोजली ती त्या गुळाची साखर.

हे मला माहीत नव्हतं असं नाही. फळ सोललेल्या, प्रसाद खाल्लेल्या बोटाचा आकडा चढा येतो, म्हणून साबण-पाण्यानं हात धुवून, पुसून, मगच टोचायचं. स्पिरिटच्या बोळ्यानं गोड पूर्ण निघत नाही, तो नुसता फिरवला जातो. हे मी नव्या मुलींना स्वतः शिकवते. आमच्याकडे त्या दिवशी हातमोजे खोकी भरून होते, मास्क होते, आणि हात धुवायच्या पाण्याचा कॅन रिकामा. सामानाची यादी करणारा माणूस कधी मंडपात उभा राहिलेला नसतो. पण प्यायचं पाणी होतं, तेवढं पुरलं असतं. तो दोष माझाच.

डावा हात बिस्लेरीच्या बाटलीनं धुतला, कोरडा केला, दुसरं बोट टोचलं. ४१.

सत्तरच्या खाली गेली की धोक्याची घंटा, आणि ही एक्केचाळीस. तोपर्यंत मान एका बाजूला कलायला लागली होती. अशा वेळी तोंडात काही घालायचं नाही, ते घशातून श्वासात जातं. आमचे डॉक्टर शेजारच्या खाटेवर होते, ते धावत आले. हातपाय इतके गार की शीर सापडेना. मनगटाच्या वर एक बारीक मिळाली. पंचवीस टक्क्यांचं डेक्स्ट्रोज, म्हणजे ग्लुकोजचं पाणी, १०० मिली, सावकाश, कारण ते घट्ट असतं, शिरेबाहेर गेलं तर कातडी जाळतं. मी हाताशी बसून शीर बघत होते, डॉक्टर घड्याळ. दहा मिनिटांनी १२४. मावशीनं डोळे उघडले आणि पहिलं विचारलं, "माजी तुळस कुटाय?"

मधल्या गडबडीत एक सहकारी म्हणाल्या होत्या, ओआरएस द्या ना. ओआरएस जुलाबासाठी आहे. एका लिटरमध्ये ग्लुकोज साडेतेरा ग्रॅम, म्हणजे पेलाभर पाण्यात तीन ग्रॅमसुद्धा नाही. शुद्धीवर असलेल्या माणसाची साखर उतरली तर एका वेळी पंधरा ग्रॅम लागतं, ग्लुकोज पावडरचे भरून तीन-चार चमचे, आणि पंधरा मिनिटांनी परत मोजायचं. कमीच असली तर परत तेवढंच. आमच्याकडे लोक प्रेमानं कंदी पेढा पुढे करतात. साताऱ्याच्या पेढ्याचा मला अभिमान आहे, पण त्या घडीला तो कामाचा नाही, खव्यातल्या तुपामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. जेवणातली साखर सावकाश सुटावी म्हणून देतात त्या व्होग्लिबोससारख्या गोळ्या चालू असतील तर साधी साखरसुद्धा उशिरा लागू पडते, तिथं ग्लुकोजच हवं.

पण साखर इतकी उतरली कशी? मावशी म्हणाली, रोजच्याएवढंच इंजेक्शन घेतलं, सोळा. पहाटे पाचला घेतलं, सहाला पोहे खाल्ले. जेवणाचा विसावा लांबला होता. तरी आकडा बसेना. मग तिनं कमरेची चंची सोडली. एका कप्प्यात सुपारी, दुसऱ्यात चुना, आणि तिसऱ्यात रुमालात गुंडाळलेली सिरिंज, लाल टोपणाची.

बाटली कुठाय विचारलं, तर ती ट्रकमध्ये. ओल्या फडक्यात गुंडाळून, गडव्यात घालून, वळकटीत ठेवलेली. तिची काळजी खोटी नव्हती, इन्सुलिनला ऊन लागू नये एवढं तिला ठाऊक होतं. पण दिंडीचा ट्रक आदल्या संध्याकाळी वाटेत बंद पडला आणि मुक्कामाला आलाच नाही. मग शेजारच्या दिंडीतल्या एका गुरुजींनी आपल्या पेनातलं इन्सुलिन दिलं. तेच तीस-सत्तरचं, म्हणजे तीस टक्के लवकर आणि सत्तर टक्के सावकाश लागू पडणारं, नाव तेच, दिसायला तसंच दुधाळ. तिनं आपल्या सिरिंजनं ओढलं, सोळाच्या रेघेपर्यंत.

सरकारी दवाखान्यात मिळते ती बाटली सहसा चाळीसची, म्हणजे एका मिलीत ४० युनिट. लाल टोपणाची सिरिंज तिच्यासाठीच आखलेली असते. पेनातलं औषध शंभरचं, एका मिलीत १०० युनिट, आणि त्याची सिरिंज नारिंगी टोपणाची. लाल सिरिंजच्या सोळाव्या रेघेवर शंभरचं औषध आलं की ते सोळा राहत नाही, चाळीस होतं. अडीचपट. गुरुजींनी चांगुलपणानं दिलं, मावशीनं रोजच्या हातानं घेतलं, आणि दोघांचंही काही चुकलं असं मला म्हणवत नाही. दोन्ही टोपणांचा फरक त्यांना कुणी समोर धरून दाखवलाच नसेल तर ते आमचंच काम राहून गेलंय. कितीजणांना बाटली देताना मी "सिरिंज लाल घ्या" एवढंच म्हणून पुढचा नंबर पुकारला आहे.

तेव्हापासून ओपीडीत मी दोन्ही सिरिंज टेबलावर ठेवते आणि बाटलीवरचा ४० पेशंटला बोटानं वाचायला लावते. बाटली आणि तिची सिरिंज एकाच पिशवीत, आणि ती पिशवी अंगावर. ट्रकमध्ये नाही, एसटीच्या टपावर नाही, लग्नाला गेल्यावर पाहुण्यांच्या खोलीतही नाही. उघडलेली बाटली सावलीत, फार गरम नसलेल्या जागी चार आठवडे चालते, तिला खांद्यावरची ओल्या फडक्याची पिशवी पुरते. दुसरी न उघडलेली बाटली खुशाल वळकटीत ठेवा, एक हरवली तर दुसरी असावी. ग्लुकोजची डबी मात्र हाताला लगेच लागेल अशी. ग्लुकोमीटरच्या पट्ट्यांच्या डबीचं झाकण पावसात उघडं टाकायचं नाही. आणि एक चिठ्ठी: साखरेचा आजार, इन्सुलिन किती, दिंडीचा नंबर, घरचा फोन. मावशीच्या गळ्यात माळ होती, कपाळाला बुक्का होता, पण सोबतीण चुकली असती तर ती कोण, हे आम्हाला कळलं नसतं.

१२४ बघून मावशी उठायला लागली. तिला सोडता येत नव्हतं. तीस-सत्तरचा अंमल दिवसभर राहतो, एकदा चढवलेली साखर तासा-दोन तासांत परत उतरते. दहा टक्के ग्लुकोजचं सलाईन चालू ठेवून ॲम्ब्युलन्सनं फलटणला पाठवायचं ठरलं. ती ऐकेना. "चालत आलोय आळंदीपास्नं. गाडीत बसून माउलीला काय त्वांड दावू?"

आशाताईनं तिचा हात धरला. "मावशे, पालखी आज फलटणलाच ऱ्हाणार हाय. तू आधी जाऊन बसलीस तर माउली येताना दिसंल तुला."

मावशी थोडा वेळ गप्प राहिली. मग चंची उघडली, सुपारी काढून सोबतणीच्या हातावर ठेवली आणि रिकामा कप्पा माझ्यापुढे धरला. "टाक ती पावडर." मी पुडी बांधून टाकली. तुळस तिच्या मांडीवर देऊन दार लावलं.

संध्याकाळी रजिस्टर पुरं करायला बसले. तिच्या ओळीत घाईत लिहिलेला २६८ होता. नवा कागद लावायला कुणी हरकत घेतली नसती. मी त्यावर एक आडवी रेघ ओढली, आकडा वाचता येईल अशी. शेजारी ४१ लिहिलं. दोन्हींच्या वेळा टाकल्या, ११.३४ आणि ११.४१, आणि खाली सही केली.