आधी फुग्याची मान मोजा

मेंदूतल्या ॲन्युरिझमचा, म्हणजे रक्तवाहिनीच्या भिंतीला आलेल्या फुग्याचा, रिपोर्ट हाती आला की घरच्यांची नजर आधी फुग्याच्या आकारावर जाते. ७ मिमी की १२? उपचार ठरवताना मात्र जास्त डोकं लढवावं लागतं ते फुग्याच्या मानेवर, म्हणजे फुगा वाहिनीला जिथे जोडलेला असतो त्या तोंडावर. मान ४ मिमी किंवा त्याहून मोठी असेल, किंवा फुग्याची रुंदी मानेच्या दुपटीपेक्षा कमी भरत असेल, तर ती रुंद मान. मानेतूनच एखादी शाखा निघत असेल तर केस आणखी अवघड. हे बारकावे सीटी अँजिओत दरवेळी नीट दिसत नाहीत; थ्रीडी डीएसए, म्हणजे वाहिनीत बारीक नळीने रंगद्रव्य सोडून केलेली अँजिओग्राफी, करावी लागते.

फुगा बंद करायला रुंद मानेच्या फुग्यात नुसती प्लॅटिनमची कॉइल (बारीक तारेचं वेटोळं) भरली तर तिचे वेढे मुख्य वाहिनीत घसरतात, तिथे गुठळी धरते आणि अर्धांगाचा झटका येऊ शकतो. म्हणून कॉइल भरताना मानेपाशी बलून फुगवून धरतात किंवा स्टेंट टाकतात. तरीही रक्ताच्या माऱ्याने कॉइल दबून बसते आणि तोंड पुन्हा उघडतं. आत जुनी गुठळी असलेल्या मोठ्या फुग्यांत हे जास्त होतं.

फ्लो डायव्हर्टर फुग्यात काही भरतच नाही. वाहिनीत बसवलेल्या या दाट जाळीच्या नळीत साधारण एक तृतीयांश पृष्ठभाग धातूने झाकलेला असतो. फुग्यात जाणारं रक्त मंदावतं, गोठतं, आणि जाळीवर नवं अस्तर चढतं. याला महिने लागतात. पाइपलाइन या डायव्हर्टरच्या 'पफ्स' अभ्यासात ६ महिन्यांनी ७३.६ टक्के फुगे पूर्ण बंद झाले होते, वर्षाने ८६.८ टक्के, ५ वर्षांनी ९५.२ टक्के. पण ते फुगे अंतर्गत कॅरोटिड धमनीवरचे, म्हणजे गळ्यातून मेंदूकडे जाणाऱ्या मुख्य वाहिनीवरचे होते. तोच आकडा, धमनी जिथे दोन शाखांत विभागते त्या फाट्यावरच्या फुग्याला लावून कोणी भरवसा देत असेल तर जरा थांबा. मानेतून निघालेली शाखा रक्त ओढत राहिली की फुगाही उघडाच राहतो.

खरी गोम गोळ्यांत आहे. डायव्हर्टर टाकण्याआधी साधारण ५ ते ७ दिवस ॲस्पिरिन आणि क्लोपिडोग्रेल या रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या सुरू करतात. पुढे दोन्ही बहुधा ६ महिने, आणि मग ॲस्पिरिन चालूच. क्लोपिडोग्रेल यकृतात सीवायपी२सी१९ या एन्झाइममुळे कामाला येतं, आणि आपल्याकडे बऱ्याच जणांत हे एन्झाइम जन्मतःच मंद असतं. म्हणून प्रोसीजरआधी गोळीचा असर होतोय का हे बघणारी प्लेटलेटची चाचणी करून घ्यावी. असर नसेल तर टिकाग्रेलॉर किंवा प्रासुग्रेलचा पर्याय आहे. दात काढायचा म्हणून परस्पर गोळी बंद केली की जाळीत गुठळी होऊ शकते. बिनटाक्याचं काम आहे म्हणून हा भाग हलका समजतात, आणि गडबड इथेच होते.

फुगा फुटलेला असेल तर हिशेबच बदलतो. मेंदूत साठलेलं पाणी काढायला नळी घालावी लागू शकते, आणि दोन-दोन रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असताना त्या वाटेवर रक्तस्राव होऊ शकतो. शिवाय डायव्हर्टर फुगा लगेच बंद करत नाही. पुन्हा फुटण्याची भीती मात्र पहिल्या काही दिवसांतच सर्वांत जास्त.

मिडल सेरेब्रल धमनीच्या फाट्यावरचा रुंद मानेचा फुगा दिसला की कवटी उघडून फुग्याच्या मानेला बाहेरून क्लिप (धातूचा चिमटा) लावण्याचा विचार आधी व्हावा, असं माझं मत. तिथवर पोचणं तुलनेने सोपं, शाखा डोळ्यांसमोर असतात आणि दोन्ही गोळ्या लागत नाहीत. मानेत कॅल्शियम साचलं असेल तर मात्र क्लिप घसरते किंवा वाहिनीच चिमटते. बॅसिलर धमनीच्या टोकाशी याच्या उलट: थॅलॅमसला (मेंदूच्या खोलवरच्या भागाला) जाणाऱ्या केसासारख्या शाखा क्लिपखाली आल्या तर नुकसान भरून येत नाही, म्हणून तिथे वाहिनीच्या आतूनच उपचार बरा. मान रुंद असून फुगा मध्यम असेल तर 'वेब' नावाची जाळीची टोपली फुग्याच्या आतच बसवता येते. २५ मिमीच्या वरच्या काही फुग्यांत पायाची शीर किंवा हाताची धमनी वापरून आधी बायपास, मग वाहिनीच बंद. हे रोजचं काम असलेल्या टीमकडेच करावं.

पहिली फेरतपासणी बहुधा ६ महिन्यांनी. क्लिप असो वा जाळी, इम्प्लांटचं कार्ड जपून ठेवा. आजच्या टायटॅनियम क्लिपसह एमआरआय करता येतो, जुन्या काही स्टीलच्या क्लिपसह नाही, आणि स्कॅन सेंटरवाला आधी तेच विचारतो.