अहवाल येईपर्यंतचे दोन दिवस

गेल्या वर्षी दुबईहून सुटीवर आलेल्या माझ्या भाच्याला सोलापुरात पोहोचल्यावर दुसऱ्याच दिवशी ताप भरला आणि पाठीवर, पोटावर पुरळ उठले. 2024 च्या सप्टेंबरात केरळात सापडलेला एमपॉक्सचा (ताप आणि पुरळ येणारा संसर्गजन्य आजार, पूर्वीचे नाव मंकीपॉक्स) रुग्ण संयुक्त अरब अमिरातीतूनच आला होता, हे लक्षात असल्याने होटगी रस्त्यावरच्या आमच्या घरात सर्वांचे धाबे दणाणले.

डॉक्टरांनी त्याला विलगीकरण कक्षात दाखल केले आणि फोडांतील स्राव आरटी-पीसीआर तपासणीसाठी पुण्याला पाठवला. काखेत, मानेत गाठी सुजल्या आहेत का, तळहात-तळपायांवर फोड आहेत का, हेही त्यांनी बारकाईने पाहिले. मला मात्र त्यांनी एकच गोष्ट बजावली: हा विषाणू अंथरुणातूनही पसरू शकतो, म्हणून त्याने पांघरलेली चादर झटकू नका. ती जाड सोलापुरी चादर मी हातमोजे घालून, अंगापासून लांब धरून गरम पाण्यात बुडवली, तेव्हा माझे हात थरथरत होते.

आम्हाला लस मिळेल का, असे विचारल्यावर त्यांनी शांतपणे समजावले. एमपॉक्ससाठी वापरली जाणारी एमव्हीए-बीएन ही लस मुळात देवीच्या लसीच्या वळणाची असून तिचे दोन डोस चार आठवड्यांच्या अंतराने देतात. संपर्कानंतर शक्यतो चार दिवसांत ती टोचावी लागते. आपल्याकडे मात्र ती सर्वसामान्यांच्या लसीकरणात नाही. माझ्या आईच्या दंडावर देवी काढल्याचा वाटोळा व्रण आहे आणि त्या जुन्या लसीचा एमपॉक्सविरुद्धही काही उपयोग होतो. माझा जन्म 1983 चा, म्हणजे देवीचे उच्चाटन जाहीर झाल्यानंतरचा, त्यामुळे माझा दंड कोराच आहे.

दोन दिवसांनी अहवाल आला. एमपॉक्स नव्हता, कांजिण्या होत्या. फोड एकाच वेळी न येता टप्प्याटप्प्याने आले होते, त्यामुळे डॉक्टरांना तसा अंदाज होताच. सुटकेचा निःश्वास टाकत असतानाच त्यांनी विचारले, "ताई, तुम्हाला कांजिण्या येऊन गेल्या आहेत का?" आई लगेच म्हणाली, "हिला गोवर आला होता, कांजिण्या कधीच नाहीत." पुरळ उठल्याचा तो चौथा दिवस होता आणि कांजिण्यांची लस संपर्कानंतर तीन, फार तर पाच दिवसांत घेतली तरच आजार टळण्याची शक्यता असते. मी गरोदर नसल्याची खात्री करून त्यांनी त्याच संध्याकाळी पहिला डोस दिला.

दुसरा डोस सहा आठवड्यांनी घेतला, तोवर भाचा दुबईला परतला होता.