रुमाल

"रुमाल घेतलास का?" हे ऐकल्याशिवाय आमच्या घराचा उंबरा कुणी ओलांडला नाही. बालवाडीत तो छातीवर पिनेनं टोचलेला असायचा. त्याचा खरा उपयोग कॉलेजात कळला. एसटी फलाटाला लागते न लागते तोच खिडकीतून तो सीटवर टाकायचा. मग दाराशी कितीही रेटारेटी होवो, जागा आपली! (एकदा मात्र एक आजोबा माझ्या रुमालावर खुशाल बसले. तो मला थेट स्वारगेटला परत मिळाला.)

परवा कपाट आवरताना पांढऱ्या रुमालांची चळत हाती लागली आणि केनेथ कौंडा आठवले. झांबियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष. त्यांचा बिनरुमालाचा फोटो शोधून काढावा लागेल. मिशनऱ्याचा मुलगा, पेशानं मास्तर, गांधीजींना मानणारा. हा माणूस सायकल आणि गिटार घेऊन उत्तर ऱ्होडेशियातल्या (झांबियाचं तेव्हाचं नाव) खेड्यापाड्यांत फिरला, दोनदा तुरुंगात जाऊन आला आणि २४ ऑक्टोबर १९६४ ला देश स्वतंत्र झाला, तेव्हा चाळिशीत होता.

रुमाल नुसता मिरवायला नव्हता. कौंडांना भाषण करताना रडू यायचं, चारचौघांत, कॅमेऱ्यासमोर. १९८७ मध्ये त्यांनी स्वतःहून जगाला सांगितलं, माझा मुलगा एड्सनं गेला. त्या काळी लोक हा शब्द घरातसुद्धा दबक्या आवाजात उच्चारत. मला त्यांच्या सगळ्या कारकिर्दीत हा क्षण मोठा वाटतो.

पण सीट धरण्याचं काय? ती त्यांनी सत्तावीस वर्षं धरली. १९७२ मध्ये तर इतर पक्षांवर बंदीच घातली. म्हणजे गाडीत रुमाल एकच, बाकीच्यांनी उभं राहायचं. तांबं महाग होतं तोवर हे खपलं. देशाची सारी मदार त्यावर. भाव कोसळला आणि तिजोरी आटली. १९९० मध्ये मक्याच्या पिठाची किंमत दुपटीहून वाढली. त्याची घट्ट उकड, न्शिमा, हे तिथलं रोजचं जेवण. राजधानी लुसाकात दंगल उसळली. शेवटी निवडणूक घ्यावी लागली, ऑक्टोबर १९९१ मध्ये. कौंडा सपाटून हरले आणि, आफ्रिकेत तेव्हा हे नवलच होतं, आपला रुमाल उचलून मुकाट उठले.

नव्या मंडळींनी मात्र वचपा काढला. तुरुंगात टाकलं. १९९९ मध्ये तर, आईवडील आजच्या मलावीतले म्हणून, हे झांबियाचे नागरिकच नव्हेत असं कोर्टानं ठरवलं. देशाचा पहिला प्रवासी, आणि म्हणे तिकीटच नाही! पुढे वरच्या कोर्टानं तो निकाल फिरवला, ते बरं झालं.

२०२१ च्या जूनमध्ये, सत्त्याण्णवाव्या वर्षी ते गेले. म्हातारपणीही कार्यक्रमाला आले की व्यासपीठाकडे चक्क धावत जायचे. मुठीत पांढरा रुमाल, चारही कोपरे हवेत.