खांबावरचं अस्वल कुणाचं?

धारणी तालुक्यात जिल्हा परिषदेच्या शाळेत पहिली-दुसरी माझ्याकडे आहे. पोरं बहुतेक कोरकू. यंदा त्यांना टोटेम खांब दाखवले. कॅनडाच्या पश्चिम किनाऱ्यावर आणि अलास्कात हैदा, त्लिंगित वगैरे समाज लाल सीडरच्या अख्ख्या खोडावर हे कोरतात.

मोबाइलवर मुलांसाठी म्हणून जे सापडतं, त्यात पुठ्ठ्याच्या नळीवर मनाला येतील ती तोंडं चिकटवलेली असतात, वर रंगीत पिसं. मला ते पटत नाही. खांबावरचा प्राणी त्या त्या घराण्याची खूण असतो आणि ती मिरवायचा हक्क त्याच घराण्याचा. हे खांब पूजेचे नाहीत, हेही आधीच सांगून टाकलं. नाहीतर आमची मंडळी नारळ घेऊन हजर!

फोटोंचे मोठे प्रिंट काढून भिंतीवर लावले. अस्वल लगेच ओळखलं, मेळघाटातल्या पोरांना ते काय सांगायचं? बीव्हरपाशी मात्र गाडी अडली. पुढचे दोन लांब दात, शेपटीवर आडव्या-उभ्या रेघांची जाळी. "मॅडम, हा तं मोठा उंदीर!" म्हटलं, नात्यातलाच आहे, दातांनी झाडं पाडतो. मग अर्धा तास सगळे दात काढून बसले.

आणि दुसरीतली एक पोरगी म्हणाली, "आमच्याकडं बी हाय, आजोबाचा." तिला मुंडा म्हणायचा होता. कोरकूंमध्ये गेलेल्या माणसाच्या नावानं सागवानी पाटी कोरून उभी करतात. वर चंद्र-सूर्य, खाली घोडेस्वार. त्यानंतर माझा तास संपला, तिचा सुरू झाला.

खांब पळवल्याची गोष्ट त्यांना सगळ्यांत आवडली. हाइस्ला लोकांचा एक खांब 1929 मध्ये स्वीडनला नेला गेला, तो 2006 मध्ये परत आला. "पोलिसानं धरलं का त्याहिले?" नाही धरलं. उलट 1885 ते 1951 कॅनडा सरकारनं पॉटलॅच, म्हणजे खांब उभारताना व्हायचा तो दानाचा नि गावजेवणाचा सोहळाच कायद्यानं बंद केला होता. जेवणावळीवर बंदी, हे मात्र त्यांना अजिबात मान्य झालं नाही.

हैदांच्या खुणांची नक्कल मी करवून घेतली नाही. घरी विचारून या म्हटलं, आपल्या कुळाचं काय आहे, कुणी सांगितलं. उत्तरं आली की मातीत करू. पहिलीतल्या एकाला मात्र बीव्हरच हवाय. त्याला कसं समजवायचं, सुचवा.