तुम्ही विचारलंत म्हणून: गियरची की बिनगियरची?

"सर, मॅन्युअल घेऊ की ऑटोमॅटिक?"

म्हापशात गाडी शिकवायला लागून मला वीसेक वर्षं झाली. पहिली काही वर्षं हे कुणी विचारत नव्हतं. ऑटोमॅटिक म्हणजे पैसेवाल्यांचं काम. 2014 साली मारुतीनं सेलेरिओत एएमटी, म्हणजे स्वस्तातली ऑटोमॅटिक, दिली आणि हा विषय साध्या घरांत शिरला. आता माणूस क्लच कुठला ते नंतर विचारतो, हे आधी.

रोज म्हापसा-पणजी करत असाल तर ऑटोमॅटिक घ्या, हे माझं उत्तर. पर्वरीला उड्डाणपुलाचं काम सुरू झाल्यापासून तिथं पहिला-दुसरा गियर आणि परत पहिला, याच्या पलीकडे माणूस जात नाही. शुक्रवारी बाजाराच्या दिवशी म्हापशातही तेच. संध्याकाळी माझा डावा गुडघा बोलायला लागतो, आणि माझ्या पायाखाली तर शिकाऊ गाडीतला जादाचा क्लच असतो, म्हणजे दुसऱ्याच्या चुकाही मीच दाबतो.

"गियर नाही ती कसली गाडी?" असं म्हणणारे अजून भेटतात. कायनेटिक होंडा आली तेव्हा चेतकवाले हेच म्हणायचे. आज गियरची स्कूटर मागणारा एक माणूस दाखवा.

पण 'ऑटोमॅटिक' या एका नावाखाली शोरूमवाले तीन-चार वेगळ्या वस्तू विकतात, आणि लोक फसतात ते तिथं. स्वस्तातली, म्हणजे मॅन्युअलपेक्षा साधारण पन्नास-साठ हजारांनी महाग असते ती, एएमटी. तिच्यात क्लच असतो, गियरबॉक्सही नेहमीचाच. फक्त क्लच दाबायचं आणि गियर टाकायचं काम तुमच्याऐवजी एक यंत्र करतं. म्हणजे एक अदृश्य ड्रायव्हर. आणि तो चढावर माझ्या नवशिक्या मुलांसारखाच गोंधळतो.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. बहीण मयेला दिलेली, रायबंदरहून फेरीबोटीनं चोडणला उतरून जातो आम्ही. एकदा मेहुण्यांची एएमटी माझ्या हातात होती, जुनी, हिल होल्ड म्हणजे चढावर गाडी क्षणभर धरून ठेवायची सोय नसलेली. ओहोटीची वेळ, चोडणच्या धक्क्याचा उतार उघडा पडलेला, शेवाळ्यानं ओला. पुढची रिक्षा चढावरच थांबली. मी ब्रेकवरून पाय काढला, आणि गाडी मागं. मागं बोटीचा लोखंडी पत्रा आणि त्यावर एक स्कूटरवाली, पोरगं पुढं उभं. मी घाबरून रेस दिली आणि हलक्या पायानं रेसवरच गाडी तोलून धरली. अर्ध्या मिनिटात जळका वास. बहीण म्हणाली, "दादा, तू शिकवतोस ना रे?"

वास क्लचचा होता. चढावर एएमटी रेसवर धरून ठेवली की क्लचप्लेट घासत बसते, मॅन्युअलमध्ये हाफ क्लचवर उभं राहिल्यासारखीच. तिथं पायाचा ब्रेक नाहीतर हँडब्रेक, आणि निघताना रेस देत हँडब्रेक सोडायचा. नव्या गाड्यांत हिल होल्ड असतो, तो साधारण दोन सेकंद धरतो. तेवढे पुरतात, पण घाबरलेल्या माणसाला दोन सेकंद फार कमी.

ऑटोमॅटिकचा दुसरा प्रकार टॉर्क कन्व्हर्टर. त्यात इंजिन आणि गियरबॉक्सच्या मध्ये तेल असतं, घासायला तसली प्लेट नसते, म्हणून चढावर ती शांत. तिसरा प्रकार सीव्हीटी, तिच्यात गियरच्या ठरावीक पायऱ्याच नसतात, तीही शहरात मऊ चालते. दोन्हींना पैसे मात्र चांगलेच जास्त मोजावे लागतात. चोर्ला घाट उतरताना कुठलीही ऑटोमॅटिक नुसती 'डी'वर, म्हणजे नेहमीच्या ड्राइव्हवर, सोडू नका. खालच्या गियरची सोय असते, ती वापरा, नाहीतर सगळा भार ब्रेकवर येतो आणि ब्रेक तापतात.

आणि शिकायचं? मॅन्युअलवर शिका. लायसन्स दोन्हींना एकच, त्यामुळे ऑटोमॅटिकवर परीक्षा दिलेला मुलगा उद्या मामाची मॅन्युअल घेऊन रस्त्यावर आला तर कायदा अडवत नाही. क्लच अडवतो.

परवा अस्नोड्याचे एक मास्तर आले, निवृत्तीला दोन वर्षं राहिलेली. तोच प्रश्न. मी विचारलं, "तुमचं गेट चढावर आहे?"

"आहे ना. आणि उजवीकडे वळूनच आत जावं लागतं."

शोरूमवाल्यानं त्यांना टेस्ट ड्राइव्ह दिली होती ती सपाट हायवेवर. मी म्हटलं, गाडी घरी मागवा. मागवली. मीही गेलो. एएमटी होती. गेटसमोर चढाच्या मध्यावर मास्तरांनी थांबवली, ब्रेक सोडला, दोन सेकंद धरली, मग वीतभर मागं आली, मग चढली. दुसऱ्यांदा त्यांनी हँडब्रेक लावून केली, अजिबात हलली नाही. तिसऱ्यांदा मास्तरांच्या बायकोनं चालवायला मागितली.