इटलीच्या टाचेवरचे ग्रीक

लेच्चेहून सुटलेली डिझेल गाडी ऑलिव्हच्या बागांमधून रेंगाळत स्तेर्नातियाला थांबली, तेव्हा फलाटावर उतरणारी मी एकटीच होते. गावात शिरताना पाटी दिसली, 'कालोस ईर्ताते', म्हणजे 'यावे, स्वागत असो'. अथेन्समध्ये आठवडाभर राहून आल्यामुळे शब्द कानाला ओळखीचे होते; पण ते रोमन लिपीत लिहिलेले होते, आणि मी ग्रीसमध्ये नव्हे, तर इटलीच्या बुटाच्या टाचेवर, पुल्या प्रांतातल्या सालेंतो भागात उभी होते.

ग्रीसबाहेरचे ग्रीक पाहायचे तर लोक मेलबर्नला, न्यूयॉर्कच्या अस्टोरियाला किंवा इस्तंबूलला जातात. मी सालेंतो निवडले, त्याचे कारण घरातलेच आहे. माझ्या मावशीचे सासर तंजावरच्या मराठी कुटुंबातले. तीनशेहून अधिक वर्षे तमिळ मुलखात राहिलेल्या त्या घरात आजही मराठी बोलली जाते, आणि लहानपणी तिचे हेल ऐकून आम्ही मुले तोंड दाबून हसत असू, याची पुढे मला लाज वाटत राहिली. तंजावरच्या मराठ्यांना निदान आपण केव्हा आणि कोणाबरोबर आलो हे ठाऊक आहे. भोसल्यांचा इतिहास तर बृहदीश्वराच्या देवळात १८०३ मध्ये मराठीत कोरून ठेवलेला आहे. सालेंतोच्या ग्रीकांना मात्र आपल्या येण्याचा असा कोणताही लेखी दाखला हाती नाही, आणि मला नेमके हेच पाहायचे होते.

त्यांच्या भाषेचे नाव ग्रीको. ती परंपरेने नऊ गावांची : कालिमेरा, मार्तानो, स्तेर्नातिया, झोल्लिनो, कोरिल्यानो, कास्त्रिन्यानो, मार्तिन्यानो, सोलेतो आणि मेल्पिन्यानो. यांपैकी शेवटच्या दोन गावांत ती फार पूर्वीच मावळली. बाकीच्या गावांतही ती सहज बोलणारी माणसे बहुतेक साठीच्या पुढची आहेत.

ही माणसे इथे आली केव्हा, यावर विद्वानांचे शंभर वर्षांहून अधिक काळ भांडण आहे. १८७० मध्ये ज्युझेप्पे मोरोसी या अभ्यासकाने ग्रीको ही बायझंटाईन, म्हणजे पूर्व रोमन साम्राज्याच्या, काळातल्या वसाहतींची भाषा असल्याचे मांडले. नवव्या शतकाच्या अखेरीस बायझंटाईन सम्राटांनी दक्षिण इटली पुन्हा जिंकली आणि पूर्वेकडून माणसे आणून वसवली, हे त्याच्या बाजूचे मोठे प्रमाण. त्याच्या उलट गेर्हार्ड रोल्फ्स या जर्मन भाषाशास्त्रज्ञाने १९२४ मध्ये असे प्रतिपादन केले की, इसवी सनापूर्वीच्या ज्या ग्रीक वसाहतींना रोमन लोक 'माग्ना ग्रेकिया', म्हणजे महाग्रीस, म्हणत, त्यांचाच हा अखंड वारसा आहे. त्याच्या पुराव्यांपैकी एक मराठी माणसाला चटकन कळेल असा आहे. आपण 'करू शकतो' असे म्हणतो त्यातल्या 'करू'सारखे क्रियापदाचे एक रूप प्राचीन ग्रीकमध्ये होते. आजच्या ग्रीसमधल्या भाषेने ते टाकून दिले. ग्रीकोने मात्र 'शकणे' या अर्थाच्या 'सोझो' या क्रियापदाच्या जोडीला ते जपून ठेवले. फॅसिस्ट राजवटीच्या काळात इटलीच्या भूमीवर अडीच हजार वर्षांची ग्रीक परंपरा असल्याचे ऐकून घेण्याची अनेकांची तयारी नव्हती, त्यामुळे या वादाला राष्ट्राभिमानाचीही फोडणी बसली. माझ्यासारख्या पाहुणीने यात निवाडा देऊ नये. तरी जुन्या वस्तीवर नव्या वस्तीचे थर चढले असावेत, हे मला अधिक पटते.

स्तेर्नातियाहून बसने मी कालिमेऱ्याला गेले. लेच्चेच्या दक्षिणेला सुमारे १५ किलोमीटरवर असलेल्या या गावाच्या नावाचा आजच्या ग्रीकमधला अर्थ 'शुभ दिवस' असा होतो, आणि ग्रीसहून येणारे पर्यटक गावाच्या पाटीखाली हमखास छायाचित्र काढून घेतात. मी पोहोचले ती दुपारची दोनची वेळ. सालेंतोत एक ते पाच या वेळेत दुकाने, चर्च, माणसे सगळेच बंद असते, हे आधी कोणी सांगितले असते तर बरे झाले असते. तीन तास मी सार्वजनिक बागेत बसून काढले, आणि तेच बरे झाले, कारण या गावातली सर्वांत पाहण्यासारखी गोष्ट त्याच बागेत आहे.

ती म्हणजे अथेन्स नगरपालिकेने १९६० मध्ये या गावाला भेट दिलेली संगमरवरी शिळा, प्राचीन अ‍ॅटिका प्रदेशातल्या थडग्यावरची. तिच्यासाठी बांधलेल्या लहानशा देवडीवर ग्रीको भाषेत एक ओळ कोरलेली आहे : 'झेनी सु एन् ईसे एत्तू स्ती कालिमेरा', म्हणजे 'इथे कालिमेऱ्यात तू परकी नाहीस'. माझ्याशेजारी बाकावर येऊन बसलेल्या एका निवृत्त शिक्षकांनी मला त्यातली गंमत सांगितली. 'झेनी' हे रूप स्त्रीलिंगी आहे. ही ओळ पाहुण्यांना उद्देशून नाही, ती शिळेलाच उद्देशून आहे. समुद्रापलीकडून आलेल्या एका दगडाला गाव सांगते आहे की, बाई, तू आमचीच. मास्तर थोडे थांबून म्हणाले की, वाचणारी बाई असेल तर तिनेही ती स्वतःला लावून घ्यायला हरकत नाही.

पाच वाजता त्यांनीच मला ग्रीको संस्कृतीच्या लहानशा वस्तुसंग्रहालयात नेले. ते चालवणाऱ्या मंडळाचे नाव 'गेतोनिया', म्हणजे शेजार. आत नांगर, माग, तंबाखूची पाने ओवण्याच्या सुया असा शेतकऱ्याच्या घरातला संसार मांडलेला आहे; राजेरजवाड्यांचे काही नाही, आणि ते मला आवडले. व्हितो दोमेनिको पालुम्बो (१८५४-१९१८) या कालिमेऱ्याच्या कवीविषयी मास्तर फार जिव्हाळ्याने बोलले. शेतकऱ्यांची म्हणून हिणवली जाणारी ही बोली त्याने कवितेत आणली, गाणी आणि कहाण्या लिहून घेतल्या. त्याची एक प्रेमकविता आज 'कालिनिफ्ता', म्हणजे 'शुभ रात्री', या नावाने सगळ्या सालेंतोचे गाणे झाली आहे. ग्रीसमध्ये 'कालिनिख्ता' म्हणतात, इथे 'ख'चा 'फ' झाला. त्याच कवितेत 'पेन्सेओ' असा शब्द येतो. 'विचार करणे' हा इटालियन धातू घेऊन त्याला ग्रीक प्रत्यय लावलेला. तंजावरच्या घरातल्या तमिळ शब्दांना लागलेल्या मराठी प्रत्ययांची मला आठवण झाली, पण या वेळी हसू आले नाही.

तुमच्या देशात कधी ग्रीक आले होते का, असे मास्तरांनी विचारले. मी त्यांना कार्ल्याच्या चैत्यगृहाविषयी सांगितले : सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी धेनुकाकट नावाच्या गावच्या यवनांनी तिथले काही खांब दान केल्याचे ब्राह्मी लेख त्या खांबांवर आहेत. मास्तरांनी 'यवन' हा शब्द दोनदा उच्चारून पाहिला आणि खिशातल्या वहीत लिहून घेतला.

माझा मुक्काम झावळ्यांच्या रविवारच्या, म्हणजे ईस्टरच्या आधीच्या रविवारच्या, आदल्या आठवड्यात होता, आणि ते मुद्दाम ठरवलेले होते. या दिवसांत दोन गायक, एक अ‍ॅकॉर्डियनवाला आणि ऑलिव्हची फांदी धरणारा एक जण अशी मंडळी चौकाचौकांत उभी राहून येशूच्या यातनांचे आख्यान ग्रीकोत गातात. फांदीला रंगीत फिती आणि संत्री बांधलेली असतात. पूर्वी हे गायक शेतावरच्या घरांपुढे हिंडत आणि मोबदल्यात अंडी, चीज मिळे. वासुदेवाची आठवण व्हावी असाच प्रकार. मार्तानोत मी ऐकलेल्या दोघांपैकी एक एक कडवे म्हणे, दुसरा पुढचे. आवाज फुटके होते, चाल एकसुरी होती, आणि तरीही चौकातले कोणी हलले नाही. मात्र ऐकणाऱ्यांमधल्या तरुण मुलांच्या हातांत इटालियन भाषांतराचे कागद होते.

ही भाषा का आटली, याचे उत्तर सर्वांनी जवळपास एकच दिले. शाळेत ग्रीको बोलणे म्हणजे अडाणीपणा, म्हणून आईबाप आपसांत ग्रीको आणि मुलांशी इटालियन बोलू लागले. त्यात दुसऱ्या महायुद्धानंतरचे स्थलांतर आले. १९४६ च्या करारानुसार इटलीने बेल्जियमला खाणकामगार द्यायचे आणि बदल्यात कोळसा घ्यायचा असे ठरले. ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेलच्या खाणीत २६२ माणसे मेली, त्यांतले १३६ इटालियन होते. पुढे जर्मनी, स्वित्झर्लंड. परदेशी कामाला निघालेल्या नवऱ्याला उद्देशून बायकोने म्हटलेले एक ग्रीको गाणे इथे घरोघरी पाठ आहे. ज्यांना आपण ग्रीसबाहेर विखुरलेले ग्रीक म्हणून पाहायला येतो, त्यांच्या स्वतःच्या आठवणीतली ताटातूट ग्रीसची नाही, या गावांचीच आहे.

१९९९ च्या कायद्याने इटलीने ग्रीकसह बारा अल्पसंख्य भाषांना संरक्षण दिले. पाट्या आल्या, शाळेत तासिका आल्या. मेल्पिन्यानोत ऑगस्टअखेर होणाऱ्या 'नोत्ते देल्ला तारांता' या संगीतोत्सवाला हजारोंची गर्दी लोटते आणि ग्रीको गाणी दूरचित्रवाणीवर पोहोचतात. हे सारे चांगलेच आहे. तरी पाटीवरची भाषा स्वयंपाकघरात परत कशी जाणार, हे कोणाला विचारावे ते मला कळले नाही.

ओत्रांतोला मी एकच दिवस दिला. कॅथेड्रलच्या जमिनीवर ११६३ ते ११६५ मध्ये पान्तालेओने नावाच्या भिक्षूने मांडलेल्या विशाल मोझेकमध्ये ग्रिफिन या अर्धे गरुड, अर्धे सिंह अशा काल्पनिक प्राण्यांच्या बळावर आकाशात झेपावणारा सिकंदर आहे. इटली आणि अल्बानिया यांच्यामधली सामुद्रधुनी इथे सुमारे ७२ किलोमीटर रुंद आहे. परतताना बसच्या खिडकीतून ऑलिव्हची करडी, वाळलेली झाडे मैलोन्मैल दिसत होती. झायलेला या जिवाणूचा रोग २०१३ मध्ये इथे प्रथम ओळखला गेला आणि त्याने लाखो झाडे खाल्ली.

शेवटच्या सकाळी मी पुन्हा स्तेर्नातियात होते. गल्लीत भाजीवाल्याची तीनचाकी आपे येऊन थांबली, आपल्याकडे बारामतीत बनते तीच. काळ्या कपड्यांतली एक आजी दारातून बाहेर आली आणि तिने आर्टिचोकचा भाव ग्रीकोत विचारला. भाजीवाल्यानेही ग्रीकोतच उत्तर दिले. भाव तिला पटला नसावा, कारण पुढची पाच मिनिटे दोघे तावातावाने बोलत राहिले आणि मला त्यातले 'एना, दिओ, त्रिया' एवढे आकडेच कळले. सौदा ठरल्यावर आजीने पिशवीतला एक आर्टिचोक काढून माझ्या हातात ठेवला आणि काहीतरी म्हणाली. मी भाजीवाल्याकडे पाहिले. त्याने इटालियनमध्ये सांगितले की, वरची पाने काढून टाका आणि चिरल्याबरोबर लिंबाच्या पाण्यात घाला, नाहीतर काळे पडतात.